आधी ड्रम बघणारे आमदार

आमचे आमदार दादाराव कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत शिरतात. घरातल्यांचा नमस्कार तसाच हवेत राहतो. पाण्याच्या ड्रमचं झाकण उचलायचं, वाकून बघायचं, तळ दिसला की "हं" म्हणायचं आणि मग बाहेर येऊन खुर्ची ओढायची. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाही ते असेच आत घुसले. नवरदेवाच्या मामांनी त्यांना नळ दुरुस्तीवाला समजून स्वतःच्या घरचा गळका नळ सांगितला. दादारावांनी पत्ता लिहून घेतला आणि खरोखर प्लंबर पाठवला.

दादाराव मूळचे कन्नड तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. "मेंढरं पाणी प्याली का ते बघितल्याबिगर माझा बाप भाकरीला हात लावीत नव्हता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शहागंजमागच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे त्यांना झाकणं उचलायला भरपूर वाव आहे.

दुसरा नाद माहिती देण्याचा. अधिवेशन आटोपून आले की चहाच्या हॉटेलासमोर स्टुलावर चढतात. "आधी ऐका, मंग शिव्या द्या," ही सुरुवात. मग कुठल्या प्रश्नावर बोललो, कुठल्या विधेयकाला हात वर केला, पाइपलाइन कुणाच्या टेबलावर अडली, सगळं साग्रसंगीत. निवडणूक जवळ आली की यादीत नाव बघा, ओळखपत्र काढून ठेवा, मशीन वाजेस्तोवर जागचे हलू नका. लोक चहा संपवून हळूच सटकतात. शेवटपर्यंत आम्ही दोघीच उरतो. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते म्हणून, आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या शकिलाखाला, दादारावांना शिव्या द्यायच्या असतात म्हणून.

"बातां भौत करता रे तू. पानी किधर है?" खाला विचारतात. त्या त्यांच्या पक्क्या विरोधक. दादाराव मान डोलावत ऐकून घेतात.

गेल्या विधानसभेच्या आधी खाला मोरीत पडल्या. कमरेचं हाड मोडलं, चालणं बंद झालं. फार वय झालेल्यांना घरूनही मत देता येतं, हे दादारावांनी स्वतः येऊन समजावलं. खालांनी ते उडवून लावलं. "शादी हुई तबसे एक वोट नहीं छोड़ी. मशीन तक मैंच जाऊंगी."

पण जायचं कसं? मतदानाच्या तोंडावरच गल्लीत चारी खणली गेली होती. दादारावांनीच मागे लागून मंजूर करून घेतलेली पाइपलाइन. काम दिसावं म्हणून त्यांनी घाई केली, खणणारे खणून गेले, पाइप काही आले नाहीत. चारी नेमकी खालांच्या उंबऱ्यासमोरून गेलेली. व्हीलचेअर सोडाच, बकरीसुद्धा तिथे थबकायची. खाला दाराशी खाट टाकून त्या चारीकडे बघत बसत. शिव्यासुद्धा बंद झाल्या होत्या, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

"साहेब, राहू द्या," चारी बघायला आलेल्या दादारावांच्या कानाशी त्यांचा कार्यकर्ता लागला. "ते मत आपलं नाय."

"म्हाईत हाय मला. तू फळ्या आण."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आमचे आमदार चारीवर फळ्या टाकून, धोतर खोचून, त्यांच्यावर उड्या मारून बघत होते. दुसऱ्या दिवशी केंद्रावरची व्हीलचेअर आली, मी ती ढकलत नेली. परत आल्यावर खालांनी भर गल्लीत सांगून टाकलं, "इसको नहीं दी." गुप्त मतदानावर दिलेली माझी सगळी व्याख्यानं वाया गेली.

दादाराव थोडक्यात निवडून आले. पेढे घेऊन आले तेव्हा मी विचारलं, एवढा आटापिटा कशाला केलात? ते पहिल्यांदाच शब्द शोधताना दिसले.

"ताई, माझ्या मायचं नाव यादीत कन्नडला, आन् मतदानाच्या टायमाला मेंढरं कायम पैठणकडं. जन्मात तिला मत देता आलं नाय. मी पयल्यांदा कन्नडलाच उभा राहिलो तवा एस.टी.नं निघाली, पोचली तवा केंद्राचं दार लागलेलं. लोक शाई दाखवीत हिंडायलेले, आन् ती कितीक दिवस हात पदराखाली धरून फिरली. पुढल्या निवडणुकीला ऱ्हायलीच नाय."

असा माणूस आमच्या वाट्याला आला, याबद्दल आभार कुणाचे मानायचे हेही मला कळत नाही, म्हणून इथे लिहून मानते.

आम्ही दोघं समोर गेलो. खालांनी पेढा घेतला आणि बोट पुढे केलं. "देख, सियाही अभी गई नहीं."

दादारावांनी ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. खाला जरा ओशाळल्या. "अगली बार भी तेरे को नहीं देने की मैं," त्या म्हणाल्या.

"नका देऊ," दादाराव म्हणाले. "पन ऱ्हावा तवर."