खर्जातले गणपतबुवा

मी बी. ए. झालो तो गणपतबुवा शेवाळ्यांमुळे. बुवा मूळचे कुरुळीचे. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. चिंचवडला आम्ही एका खोलीत राहायचो. आवाज इतका खर्जातला, की ते 'चहा घ्या' म्हणाले तरी मांडणीतली पातेली गुणगुणत. कारखान्याचा भोंगा झाला की सगळे धावत सुटत. बुवा जागीच थांबून, आज भोंगा अर्धा सूर उतरलाय, असा निकाल देत.

ते ख्याल गात आणि त्याच बैठकीत स्वतः चाल लावलेली भावगीतंही. देवळातल्या बैठकीत भावगीत सुरू झालं की जाणकार मंडळी उपरणं झटकून उठत. कारखान्याच्या गणपतीत विलंबित चालू असताना मागून कुणी तरी विचारी, "बुवा, गाडी हलायची कवा?" बुवा दोघांवरही रागावत नसत. "येकाच इहिरीचं पानी हाय, राव. पोहरा ज्याचा त्याचा."

माझ्या परीक्षेच्या वर्षी त्यांनी पहाटेचा रियाज खोलीतून हलवला. ऐन थंडीत मफलर गुंडाळून, तंबोरा घेऊन पवनेच्या काठी जात. तिथं हवा बरी, म्हणत.

त्याच वर्षी रेडिओवर गाण्यासाठी त्यांनी अर्ज केला. अर्ज इंग्रजीत, म्हणून मी भरला. शास्त्रीय आणि सुगम, दोन्ही लिही, असं त्यांनी बजावलं होतं. मी वाचून दाखवला नाही, त्यांनी विचारलं नाही. खाली मोडीत सही ठोकली.

रेडिओवरच्या गाण्याच्या परीक्षेहून आले ते थेट परात घेऊन बसले. भाकऱ्या थापताना म्हणाले, ख्याल झाला, पण भावगीत धरताच परीक्षकांनी हात वर केला. अर्जात फक्त शास्त्रीय होतं. नुसत्या ख्यालावर भागलं नाही, नापास केलं.

मी पुस्तकात डोकं घातलं.

"माज्याकडनंच सांगायचं ऱ्हायलं आसंल," बुवा म्हणाले. "तुजा पेपर कवा हाय?"

पुढे मी पास झालो, साताऱ्याला मास्तर झालो. तिथून त्यांना हे पत्र धाडलं:

'तीर्थस्वरूप बुवांस सा. न. वि. वि.

तुम्ही सांगायला विसरला नव्हता. मीही लिहायला विसरलो नव्हतो. चार बुकं शिकलो होतो. भावगीत लिहिलं तर तुम्ही हलके दिसाल असं वाटलं. तुमचा अर्धा गळा मी खोडला आणि तुम्ही तो दोष आपल्या अंगावर घेतलात.

सोबत नवा अर्ज भरून पाठवला आहे. दोन्ही लिहिलं आहे. सही करण्याआधी मात्र या वेळी तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.'