लिंबावरचं जनावर

रुखमाबाई गेल्याच्या चौथ्या दिवशी गावात ते जनावर पहिल्यांदा दिसलं. शेजारचा धावजी पहाटे नदीकडे गेला होता, तो लोटा तिथंच टाकून पळत आला.

"खाटेएवढे पंख! अन् डोळे म्हंजे जिपचे लाइट!"

देवराव ओसरीत बसून होता. "असंल," तो म्हणाला. त्याला आता कशाचं नवल वाटत नव्हतं. बायको कुरडया घालून स्लॅबवरून खाली आली, पाणी मागितलं, आणि तो पाणी आणेपर्यंत गेली. त्यापुढे जनावराचं काय?

गाव मात्र हललं. ते साल कापसाचं वाईट साल होतं. जिनिंग बंद, हाताला काम नाही, बोलायला वेळ भरपूर. कोणी म्हणालं, फवारणीचं औषध पिऊन वटवाघूळ फुगलं. मास्तर म्हणाले, गिधाड असेल. धावजीच्या जनावराचे पंख रोज वाढत होते, सातव्या दिवशी ते बैलगाडीएवढे झाले. जंगलखात्याचा गार्ड आला, चहा प्याला आणि म्हणाला, "अस्वल असंल."

"पंखवालं?"

"झाडावर तं चढते न ते."

दहाव्याला मंडळी बेंबळा नदीवर जमली. क्रिया करणाऱ्या महाराजांनी पिंड ठेवला, सगळे मागं सरकले. पलीकडच्या बाभळीवर पंचवीस-तीस कावळे बसले होते. ओरडत होते, पण एकही खाली येईना.

तेवढ्यात वारा आला आणि पिंडाजवळच्या कडुलिंबात काहीतरी काळं फडफडलं. पानांतून एक गोल डोळा चमकला.

"थेच! थेच जनावर!" धावजी महाराजांच्या मागं लपला. महाराज उकंडाच्या मागं गेले. उकंडा रुखमाबाईचा भाऊ, त्याला मागं कोणी मिळालं नाही म्हणून तो उभा राहिला.

देवरावनं वर पाहिलं. पानांत एक पिवळी मूठ दिसली. ती त्याचीच छत्री होती.

कावळे वाळवण नासवतात, स्लॅबवर बुजगावणं करून द्या, म्हणून रुखमाबाई तीन वर्षं मागं लागली होती. या उन्हाळ्यात शेवटी त्यानं जुनी छत्री बांबूला बांधली, डोळ्यांच्या जागी दोन चकचकीत सीडी लटकवल्या. "तुमची गाठ एका वाऱ्यात सुटते," म्हणून तिनं आपल्या परकराची लांब नाडी मुठीजवळ वेगळी बांधली. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी वावटळ झाली होती. तेव्हापासून स्लॅबवर चढून पाहणारं घरात कोणी नव्हतं.

तो सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण मनात आलं, कावळा शिवला की ती जाणार. शिवत नाही तोवर आहे. त्यानं तोंड मिटलं.

"बाईचा जीव कशात तरी अडकला," उकंडा म्हणाला आणि हात जोडून पुढं झाला. "बाई, भाऊजीले दुसरी बायको करू देनार नाही मी!"

"मी कवा म्हनलो रे करतो म्हनून?"

"तुम्ही चूप बसा. तिले सांगून राह्यलो."

कावळे हलले नाहीत. मग महाराजांच्या मागून धावजी बोलला, "वहिनी, तुमचा तवा आमच्याच घरी हाय. उद्या आनून देतो. कढईबी." लिंबात फडफड झाली. "अन् झारा!" तो घाईनं म्हणाला.

"भाऊजी, आता तुम्ही बोला."

देवराव एक पाऊल पुढं आला. "मी टाइमावर जेवत जाईन," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. कावळेही आले नाहीत.

महाराजांनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिववू. मले बाभुळगावले अजून एक दहावा हाय."

गवताचा कावळा! जन्मभर खऱ्या कावळ्यांशी भांडली ती. आणि उद्यापासून गाव म्हणणार, रुखमाबाईचा जीव अडकून राहिला. अडकवला होता त्यानं. देवरावनं धोतर खोचलं आणि लिंबाला हात घातला.

"भाऊजी! खाईल ते तुमाले!"

"खाऊ दे."

त्याची गाठ केव्हाच सुटून गेली होती. तिची नाडी मात्र फांदीला दोन वेढे घालून बसली होती, आणि मुठीजवळची गाठ सुटल्याशिवाय छत्री निघणार नव्हती. तोडली असती तर क्षणात काम झालं असतं. ते त्याच्यानं होईना. नखांनी सुटेना, तेव्हा त्यानं दात लावले. खालून नुसत्या हलणाऱ्या फांद्या दिसत होत्या.

"झुंजून राह्यला बुढा!" धावजी ओरडला. "चावून राह्यला त्याले!"

बऱ्याच वेळानं गाठ सुटली. देवराव छत्री काखेत मारून खाली उतरला. सगळे छत्रीकडे पाहत राहिले.

"लहान दिसते आता," धावजी म्हणाला.

तोवर बाभळीवरचे सगळे कावळे एकदम आले आणि कुरडयांवर पडावं तसे पिंडावर पडले. मंडळींनी हात जोडले.

"तव्यानं सुटली वहिनी," धावजी हळूच म्हणाला.

"काहीतरीच! माह्या शब्दानं," उकंडा म्हणाला.

कावळे भांडत होते, शितं उडवत होते. सवयीनं देवरावचा हात वर गेला, तोंडात 'हाऽड!' आलं. त्यानं ते गिळलं. हात खाली घेतला आणि दातांनी ओली झालेली नाडी घडी करून कमरेला खोचली.