सोमेश्वरच्या वेबसाइटला शाल-श्रीफळ

ज्या गोष्टीचे उद्घाटन झाले ती अस्तित्वात आहे, असे सार्वजनिक जीवनात धरून चालतात. एकदा नारळ फुटला की पुढचे कोणी तपासत नाही.

नेकनूरच्या सोमेश्वरकडे वेबसाइट काढायचे एक अवजार होते. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाकली की आख्खी वेबसाइट उभी राहायची. दुसरी टाकली की चालू व्हायची, पण फक्त त्याच्याच लॅपटॉपवर. (ती जगाला दाखवायला पुढे कष्ट पडतात. सोमेश्वर कष्टांच्या अलीकडेच रमला होता.)

तेलगावहून सुकन्याचे स्थळ आले. तिचे वडील अमरसिंह यांनी विचारले, "पोरगं करतं काय?"

सोमेश्वरचे वडील आश्रुबा बोलून गेले, "वेबसाइटा काढतंय. रविवारी उद्घाटन हाय, या."

सोमेश्वरने वडिलांना अडवले नाही. मुलगी त्याला मनापासून आवडली होती.

रविवारी लॅपटॉपला हार घातला. नारळाचे पाणी उडू नये म्हणून वर शाल पांघरली. (त्यामुळे वेबसाइट कोणालाच दिसली नाही, पण सत्कार रीतसर झाला.) मग आश्रुबांनी वेबसाइटचा पत्ता पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावला. हा पत्ता असा, की जो उघडेल त्याच्याच मशीनमध्ये वेबसाइट शोधतो. सगळ्यांच्या मोबाइलवर कोरा पडदा आला. अभिप्राय मात्र आले: 'लई भारी' बहात्तर टक्के, जोडलेले हात अठ्ठावीस टक्के, 'उघडत न्हाई' शून्य.

अमरसिंह म्हणाले, "रंग जरा भडक वाटला." सोमेश्वरने इमानदारीत रंग बदलला. "आता कसं डोळ्याला गार वाटतंय," अमरसिंह म्हणाले.

संध्याकाळी सुकन्याचा फोन आला. "तुमची वेबसाइट उघडली."

"दिसली?" सोमेश्वरने भीत भीत विचारले.

"माझ्या लॅपटॉपवर माझीच दिसली. मीबी त्याच अवजारानं केलीय."

"मग माझी उघडत नाही, हे घरी सांगितलं का?"

"कावून सांगू? माझीबी अजून उंबऱ्याबाहेर गेली न्हाई."

सोमेश्वरला फार आनंद झाला. जिच्यापुढे थाप मारावी लागणार नाही असे माणूस त्याला पहिल्यांदाच भेटले होते.

लग्न ठरले. पत्रिका वेबसाइटवरच टाकली आहे, पत्ता तोच. वाचकांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे. उघडून पाहायची तसदी घेऊ नये. 'लई भारी' लिहायला तुम्हाला तरी कधी काही पाहावे लागले आहे?