पंपाचा अर्धा पासवर्ड

कोथरूडच्या सुस्नेह सोसायटीत पाण्याचा पंप बटण दाबून सुरू होत असे, ही गोष्ट व्यवस्थापन समितीला गंभीर वाटली. बटण काय, कुणीही दाबेल! खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या गंधारने मग फुकटात मिळणारी लिनक्स ही संगणकप्रणाली आणून पंप संगणकाला जोडला, बटण भिंतीतून उपटलं आणि अधिकारांची उतरंड ठरवली. सर्वाधिकार रूट नावाच्या खात्याला. त्याचा पासवर्ड अर्धा अध्यक्ष आप्पासाहेबांकडे, अर्धा सचिव पूर्णिमाताईंकडे. पार्किंगच्या वादापासून दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे गुप्ततेची वेगळी तरतूद करावी लागली नाही. रूटच्या वतीने रोज पंप चालवायची मुभा एकट्या गंधारला.

रविवारी त्याच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. घरात पाहुणे, आणि गच्चीवरची टाकी तळाला. काम सोपं व्हावं म्हणून गंधारने स्वतःला ‘पंप’ नावाच्या गटात घातलं. आज्ञेतलं एक अक्षर राहिलं, आणि संगणकाने त्याला त्या गटात घेऊन बाकी सगळ्या गटांतून काढून टाकलं; अधिकार असलेल्यांच्या गटातूनही. पंप सुरू करायला गेला, तर पडद्यावर उत्तर आलं: गंधार यांना अधिकार नाही. ही घटना वरिष्ठांना कळवण्यात येत आहे.

वरिष्ठ म्हणजे गंधारच. मेल त्याच्याच फोनवर आला. त्यानेच केलेल्या नियमानुसार घुसखोराचा खुलासा घेतल्याशिवाय रूटला हात लावता येत नव्हता. त्याने स्वतःकडून लेखी खुलासा मागवला, वाचला आणि तो असमाधानकारक असल्याचा शेरा मारला.

तेवढ्यात बायकोचा, शेफालीचा फोन आला. “पाणी येतंय का?”

“चौकशी चालू आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

“मग संपली. बाबा साबण लावून बसलेत, त्यांना तेवढं कळवते.”

आता रूटलाच साकडं घालणं भाग होतं. आप्पासाहेब संगणकाच्या खोलीत आले, पूर्णिमाताई दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या.

“अहो, पासवर्ड टाइप केला, पण पडद्यावर काहीच उमटत नाहीये,” आप्पासाहेब म्हणाले.

“उमटत नाही, पण आत जातं,” गंधार म्हणाला.

“दिसल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही.” आप्पासाहेबांनी खात्रीसाठी आपला अर्धा पासवर्ड पुन्हा टाइप केला. मग ते बाहेर आणि पूर्णिमाताई आत. पासवर्ड चुकला.

“त्यांना विचारा, काय घातलंय?”

“त्यांना सांगा, बरोबरच घातलंय!”

तीनदा चुकल्यावर खातं बंद झालं. तीही सुरक्षा गंधारचीच. संगणकात शिरायची दुसरी वाट होती, पण तिला कुलूप लावून त्याने किल्ली आतच ठेवली होती. त्याला मनापासून लाज वाटली, आणि थोडा अभिमानही. कारण व्यवस्थेत खरोखरच कुणाला शिरता आलं नव्हतं.

टँकर मागवला. त्याचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडलं. ते वर चढवायला पंप लागतो, हे त्यानंतर लक्षात आलं. पंचाहत्तरीचे पाहुणे बादल्या घेऊन चार जिने चढले.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. जुनं बटण कुलूपबंद पेटीत परत बसवावं, असं एकमताने ठरलं. पेटीची किल्ली कुणाकडे, या प्रश्नावर प्रत्येकाने स्वतःचं नाव सुचवलं आणि बाकी सर्वांच्या नावांना हरकत घेतली. गंधारने तर दोनदा हात वर केला. अखेर बटणाचा ठराव बारगळला, आणि पासवर्डचे तुकडे करून घरटी एकेक वाटण्याचं काम टाळ्यांच्या गजरात गंधारकडेच सोपवण्यात आलं.

तुमच्या इमारतीत असं काही होणार नाही, हे मान्य. फक्त तुमच्या पंपाची किल्ली कुणाकडे द्याल, त्याचं नाव सांगा. स्वतःचं सोडून.