विषय सांगा, मग दार उघडेल

सावंतकाकांची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "विषय?" आपण बाहेरून ओरडायचं, "साखर!" मग कडी निघते. एकदा साखर घेता घेता मी पाण्याच्या टाकीचं काढलं, तर या गृहस्थानं मला चक्क बाहेर काढलं. "नवा विषय, नवी बेल." वाटी हातात धरून मी पुन्हा बेल वाजवली, करते काय!

आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना चक्रम म्हणतात. मीही म्हणायचे. पण त्यांचा उद्योग कळला आणि गप्प बसले. मराठी शुद्धलेखन तपासणारं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट, कुणीही उघडून दुरुस्त करावं असं. ते बनवणारी माणसं गावोगाव विखुरलेली, एकमेकांना कधी न भेटलेली. सगळं बोलणं ईमेलवर. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले काका त्यांच्या मेलिंग लिस्ट सांभाळतात. कोड लिहिणाऱ्यांची वेगळी, चुका कळवणाऱ्यांची वेगळी, नवख्यांची वेगळी. प्रत्येक मेल आधी काकांपाशी थांबते, त्यांनी सोडली तरच सगळ्यांना जाते. विषयाची ओळ रिकामी असली की आल्या पावली परत!

आणि भांडणं काय सुरेख मिटवतात! चांदवडचे एक मास्तर आणि पुण्याची एक इंजिनीअर बाई एका बटणाच्या जागेवरून हातघाईवर आले. काकांनी दोघांच्याही मेल रोखून धरल्या. "रागाची मेल हरभऱ्यासारखी रात्रभर भिजत घालायची. सकाळी मऊ होते." खरंच, सकाळी दोघांनीही आपापली मेल मागे घेतली. आमची सोसायटीची मीटिंग या माणसाच्या ताब्यात द्यायला हवी.

काका एकटेच. काकू गेल्या, मूलबाळ नाही. श्रावणात त्यांच्या छातीत दुखलं, मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण या माणसाला काळजी कसली, तर "मेल अडकल्यात हो सगळ्यांच्या! शिव्या घालत असतील. आता दुसरा माणूस नेमतील, बरोबरच आहे." मग हळूच म्हणाले, "पण मग मला कोण लिहिणार?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्यांच्या घरून लॅपटॉप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. थांबलेल्या मेलची ही भली मोठी रांग! एकीतही कामाचं अक्षर नाही. "काका, कुठे आहात?" "काका, बरे आहात ना?" मास्तरांनी तर लिहिलं होतं, "तुम्ही वरडला नाय तर करमत नाय." आणि झाडून सगळ्यांची विषयाची ओळ रिकामी.

"नियम म्हणजे काय चेष्टा आहे?" काका पुटपुटले. चष्मा काढून पुसला आणि एकूण एक मेल सोडून दिली.

घरी आल्यावर चार-आठ दिवसांनी संध्याकाळी आमची बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर काका, हातात वाटी नाही, काही नाही. मी सोडते होय! आतूनच ओरडले, "विषय?"

 बाहेर घसा खाकरल्याचा आवाज.

"काही नाही गं. सहजच आलो."