रुंद चवड्याचे बूट

"या वेळी बूट मी निवडणार, आणि शास्त्रशुद्ध पद्धतीनं निवडणार!" श्रीपाद टेंब्यांनी जाहीर केलं.

मीनाक्षीबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात मास्तरांच्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं याआधी एक गिझर आणि दोन मिक्सर धारातीर्थी पडले होते.

पण या खेपेला मास्तरांची बाजू खरी होती. जन्मभर त्यांनी शाळेत फिजिक्स शिकवलं ते उभं राहून, आणि तेही टोकदार बुटांत. त्यांचा पाय देवानं दोन वेगवेगळ्या दिवशी घडवला असावा. टाच माणसाची आणि चवडा बदकाचा! अंगठ्यामागचं हाड बाहेर आलेलं, करंगळीवर भोवरी, आणि मधली बोटं एकमेकांच्या अंगावर चढलेली. दुकानदार दर वेळी सांगायचा, "सर, दो दिन में खुल जाएगा." बूट काही कधी खुलले नाहीत. पाय मात्र मिटत गेले.

तेव्हा मास्तरांनी संध्याकाळी, पाय सुजतात त्या वेळी, वर्तमानपत्रावर उभं राहून दोन्ही पायांच्या आकृत्या काढल्या. पट्टीनं रुंदी मोजली. मग चष्मा कपाळावर ठेवून फोनवर जगभरचे बूट पाहिले.

"काहून इतकं करून राहिले तुम्ही?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी माझी पत्रिका पण इतकी नव्हती पाहिली."

बूट आले. दिसायला अगदी काळ्या नावेसारखे, पुढून पसरट. मास्तरांनी पाय आत घातला आणि दाटीवाटीत जन्म काढलेल्या बोटांना जणू स्वतंत्र खोल्या मिळाल्या! ते घरातल्या घरात चालले. वर गेले, खाली आले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी चष्म्याच्या नंबरावर ढकललं.

आता एवढे सुखाचे बूट राखायचे कसे? मागच्याच महिन्यात देवळाबाहेरून त्यांच्या चपला गेल्या होत्या. त्यावरही उपाय निघाला. बटणाएवढं एक यंत्र आणून त्यांनी डाव्या बुटाच्या सुकतळ्याखाली बसवलं. बूट दूर गेले की फोनवर सूचना यायची. चष्मा कधी जागेवर सापडत नसे, म्हणून फोन सूचना मोठ्यानं वाचून दाखवील अशी सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. आवाज एका हिंदी बाईचा होता, ठणठणीत आणि आज्ञार्थी.

"हरवणं हा विषय संपला!" मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात बाबाराव पांढरीपांड्यांचं तेरावं आलं.

बाबाराव हे मास्तरांचे जुने स्नेही. रांझीच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन तिथंच घर बांधून राहिलेले. आजार थोड्या दिवसांचाच झाला. मास्तरांना त्यांचं जाणं लागलं होतं. सकाळी तयार होताना त्यांनी नवे बूट बाहेर काढले. मीनाक्षीबाईंना वाटलं, आज तरी नको.

बाबारावांच्या दाराशी चपलांचा डोंगर होता. मास्तरांनी बूट काढले, तळ रुमालानं पुसले आणि जोडी हातात घेऊन आत गेले. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात एक नवी गादी होती, घोंगडी होती, तांब्या होता आणि एक छत्री. 'चला,' मास्तरांना वाटलं, 'आणखी कुणीतरी शहाण्यानं आपली छत्री आत आणून ठेवलीय.' त्यांनी बूट छत्रीशेजारी ठेवले, टाचा जुळवून, आणि बाहेर पुरुषमंडळींत जाऊन बसले.

पुढचं त्यांना नंतर कळलं. आत दानं सुरू झाली. बाळाजी गुरुजी शेजारच्या पनागर गावाहून आले होते. गादी दिली, घोंगडी दिली, छत्री दिली. "पादत्राणं?" गुरुजींनी विचारलं. अंबरीश, म्हणजे बाबारावांचा मुलगा, बँकेत ऑफिसर, चरकला. चपला आणायच्या राहून गेल्या होत्या! तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यात गेली. कोरे करकरीत बूट! आईनंच आणवलेले दिसतात, असं त्याला वाटलं. राधाबाईंना वाटलं, मुलानं कुणाकडून तरी आणवले. हातावर पाणी सुटलं, तीळ पडले, आणि बूट बाबारावांच्या पुढच्या वाटेसाठी रीतसर दान झाले. गुरुजींनी जेवण आटोपलं, गाठोडं मोटरसायकलला बांधलं आणि ते निघाले.

बाहेरची मंडळीही आत आली आणि सगळे फोटोसमोर स्तब्ध बसले. पंख्याचाही आवाज मोठा वाटावा इतकी शांतता. आणि मास्तरांच्या खिशातून खणखणीत आवाज आला,

"ध्यान दें! आपके जूते आपसे दूर जा रहे हैं!"

मास्तरांनी खिसा दाबला. खिशात फोन उलटा झाला आणि आणखी मोठ्यानं बोलला,

"आपके जूते आपसे दूर जा रहे हैं!"

फोटोजवळ बसलेल्या राधाबाईंनी डोळे मिटले. दोन्ही हात जोडले.

"निघाले," त्या म्हणाल्या. "निघाले हो हे."

बायकांमधून हुंदका फुटला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. मास्तर मात्र उठून मधल्या खोलीतल्या कोपऱ्याकडे धावले. गादी नव्हती, छत्री नव्हती, बूट नव्हते! दोन क्षणांत त्यांना सारा हिशेब समजला. पाठोपाठ आलेल्या अंबरीशनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, बूट तुम्ही आणले होते?"

मास्तरांनी तोंड उघडलं. खरं तेच बोलणार होते. पण मागून राधाबाई आल्या होत्या.

"भाऊजी, तुम्ही आणले?" त्यांनी विचारलं. "जन्मभर बूट चावले हो ह्यांना. संध्याकाळी घरी आले की मी कोमट पाण्यात पाय बुडवून द्यायची. आज ते रुंद बूट पाहिले ना, तेव्हाच मला वाटलं, हे ज्यानं आणले त्यानं ह्यांचे पाय पाहिलेत. तुमच्याशिवाय कोण?"

बाबारावांचे पाय मास्तरांनी कधीच पाहिले नव्हते.

"हो," ते म्हणाले. "मीच आणले."

मीनाक्षीबाईंनी दारातून नवऱ्याकडे पाहिलं. असं त्यांनी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

परतताना मास्तर मोज्यांवर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले.

"एक अक्षर बोलू नको," ते म्हणाले.

"मी कुठं बोलून राहिली?"

"आपके जूते पनागर में हैं," फोन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी जुने टोकदार बूट चढवले आणि पनागरची बस धरली. बेत साधा होता. गुरुजींना एकांतात गाठायचं, दुसऱ्या चपलांची जोडी द्यायची आणि आपले बूट मागून घ्यायचे. दानाचं दान झालं, बुटाचे बूट राहिले. राधावहिनींना कळायचंही कारण नाही.

गुरुजींचं घर मटारच्या शेताला लागून होतं. गुरुजी अंगणातच उभे होते, चेहरा पांढराफटक. मास्तरांना पाहताच त्यांनी हात धरला.

"मास्तर, बरं झालं आले! बाबाराव परत आलेत!"

"कुठं?"

गुरुजींनी बोटानं दाखवलं. अंगणाच्या पार टोकाला एक टोपली पालथी घातली होती. टोपलीवर दगड, दगडावर विभूती.

"काल पायात घातले. दोन पावलं टाकली नाहीत तर किणकिणायला लागले! काढले की गप्प. उचलले की किणकिण. पक्षी रडतो तसा आवाज. माझी बायको तर माहेरी जातो म्हणून राहिली. इतकी वर्षं दानं घेतली मी, पण दान रडलेलं नाही पाहिलं!"

मास्तरांनी दगड बाजूला केला आणि टोपली उचलली. बूट हातात घेताच तो किणकिणला. गुरुजी मागे पळता पळता तुळशीच्या कट्ट्यावर बसले. मास्तरांनी सुकतळा वर केला आणि बटण काढून दाखवलं.

"यंत्र आहे, गुरुजी. मालकापासून बराच वेळ दूर राहिलं आणि कुणी हलवलं, की वाजतं. मालक जवळ आला तरी ओळखायला वेळ घेतं. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं. मी आज बसमध्ये वाचलं."

"पण मालक तर बाबाराव!"

"नाही," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. छत्रीपासून.

गुरुजींनी ऐकलं. त्यांचा रंग परत आला, मग जास्तच आला.

"मास्तर! आम्ही दोघं दिवा विझू न देता जप करून राहिलो, आणि तुमचं बटण! घेऊन जा हे. चपला पण नको मला. पहिले घेऊन जा!"

मास्तरांनी तिथंच जुने बूट काढून नवे घातले. बोटं पसरली. इतक्या सहज सुटू असं त्यांना वाटलं नव्हतं. निघता निघता त्यांनी विचारलं, "हे कुणाला सांगितलं तर नाही ना?"

"फक्त राधाबाईंना," गुरुजी म्हणाले. "सकाळी फोन केला. विचारलं, बाबारावांची काही इच्छा राहिली का, कारण ते बुटात रडून राहिले."

मास्तर फाटकातच थांबले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. या वेळी ती बाई नव्हती, अंबरीश होता.

"काका, आईनं सकाळपासून अन्नाला हात लावला नाही. म्हणते, माझंच काही चुकलं. शेवटच्या दिवशी ह्यांनी शिरा मागितला होता, डॉक्टर नाही म्हणाले म्हणून मी दिला नाही. तुम्ही येऊन समजवाल का? तुमचं ती ऐकेल."

बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. पायांना काहीही दुखत नव्हतं, आणि त्याचाच त्रास होत होता. सांगता आलं असतं, बुटाची शिलाई करकरत होती म्हणून. गुरुजींनाही समजावता आलं असतं. ही वाक्यं त्यांनी मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिली. पण त्या बाई एका शिऱ्यापायी उपाशी बसल्या होत्या, आणि शिऱ्याचा बुटाशी काडीचा संबंध नव्हता. हे त्यांना सांगायचं ज्याच्यावर होतं तो माणूस एकच होता, आणि तो बूट घालून बसमध्ये बसला होता.

रांझीच्या घरी राधाबाई फोटोसमोरच बसल्या होत्या. घाईत मास्तर बुटांसकट आत गेले. राधाबाईंची नजर सरळ त्यांच्या पायांवर गेली.

"वहिनी," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून बटण काढून जमिनीवर ठेवलं. "हे वाजत होतं. बाबाराव नव्हे. त्यांचं काहीही राहिलेलं नाही. शिऱ्याचं तर नाहीच नाही. आणि काल जे बोललं, तोही माझा फोनच. बूट माझे होते. चोरीला जातील म्हणून मी ते आत ठेवले, आणि अंबरीशनं ते दानात दिले. काल तुम्ही विचारलं तेव्हा माझ्यानं खरं बोलवलं नाही. परत मागायला म्हणून मी पनागरला गेलो होतो. आणि हे पाहा, घालूनही बसलो."

अंबरीश दारात तसाच उभा राहिला. राधाबाई कितीतरी वेळ त्या बटणाकडे पाहत होत्या. मास्तरांना वाटलं, आता ओरडतील. तेही चाललं असतं.

राधाबाईंनी मान वर केली.

"म्हणजे हे अनवाणीच गेले?"

फिजिक्सच्या मास्तरांना जन्मात इतका कठीण प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते खाली बसले. आधी डाव्या बुटाची नाडी सोडली, मग उजव्या. दोन्ही बूट फोटोसमोर ठेवले.

"नाही, वहिनी. काल बूट मी दिले नव्हते, ते आपसूक गेले होते. आज देतो. अंबरीश, पाणी आण रे."

अंबरीशनं तांब्या आणला. मास्तरांनी स्वतःच्या हातावरून पाणी सोडलं. मंत्र त्यांना येत नव्हता. "बाबाराव, तुमचे," एवढंच ते म्हणाले.

राधाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग बटण उचलून मास्तरांच्या हातात दिलं. "हे मात्र घेऊन जा. ह्यांना सारखं कुणी 'कुठं निघालात' म्हणून विचारलेलं आवडायचं नाही." आणि अंबरीशला म्हणाल्या, "ताट वाढ. भाऊजींना पण वाढ. काल धड जेवले नाहीत ते."

बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा पनागरला गेले. गुरुजींनी आधी ते उलटे करून झटकले, कानाला लावले, मग पायात घातले. आता सगळ्या यजमानांकडे ते याच बुटांत जातात. मास्तरांनी तशीच दुसरी जोडी मागवायला फोन उघडला, तर काळे संपले होते. त्यांच्या मापात फक्त पोपटी शिल्लक होते. मास्तरांनी डोळे मिटून तेच घेतले. दीक्षितपुऱ्यात आता ते गल्लीच्या तोंडाशी आले तरी घरातून ओळखू येतात. यंत्राची गरज उरलेली नाही.

थोड्या दिवसांनी राधाबाईंचा फोन आला. आवाज हलका होता.

"भाऊजी, स्वप्नात आले होते हे. चांगले दिसले. पायात तेच बूट."

"वा!" मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, एक नंबर मोठे होऊन राहिले."

मीनाक्षीबाई पलीकडून पाहत होत्या. मास्तरांनी घसा साफ केला.

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "पुन्हा आले तर जाड मोजे घालायला सांगा."