उत्तमरावांचा उष्टा फोन

उत्तमराव माझ्या दुकानात आले की आधी काउंटरवरचा माझा मोबाइल उचलतात, बिस्किटांच्या बरणीत टाकतात, झाकण घट्ट लावतात, रस्त्याकडे एकदा नजर टाकतात आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "डॉक्टर, इसबगोल द्या."

मी डॉक्टर नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीच्या बस स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे आणि आमच्याकडे औषध विकणाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात. ही पद्धत मोडायला मी कधी गेलो नाही. मोबाइल बरणीत कशासाठी, हे मात्र मी एकदा विचारलं होतं.

"तो आयकते," उत्तमराव म्हणाले.

"ऐकू द्या ना. इसबगोलच तर आहे."

"आज इसबगोल आयकते. उद्या तुमाले दिवसभर पोट साफ व्हायच्या जाहिराती दाखवते. अन परवा साऱ्या दुनियेले मालूम होते का उत्तमरावचं पोट तीन दिवसांपासून..."

बोलण्याच्या भरात त्यांचा आवाज चढला होता. एसटीतून उतरून गोळ्या घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईने जाता जाता त्यांना त्रिफळा चूर्ण घेऊन बघायला सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ते दुकानात फिरकले नाहीत.

तसा माणूस खाऊनपिऊन सुखी. ओलिताचं वावर आहे, सोयाबीन-तूर पिकते. तरुणपणी अकोल्यात शिकले, मग आमच्या जवळच्या मालेगावात कॉम्प्युटरचे क्लास काढले. पोरं त्यांच्याकडे शिकून पुण्याला गेली, ती गेलीच. शेवटी क्लास बंद करून उत्तमराव एक जुना कॉम्प्युटर घेऊन गावी परतले. मूलबाळ नाही. बायको काही वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात ते आणि तो कॉम्प्युटर, दोघेच राहतात.

त्यांच्याकडे फोन दोन. एकातलं कंपनीचं सगळं काढून त्यांनी स्वतः मोकळं सॉफ्टवेअर भरलंय. बोलायचं ते त्यावर. दुसऱ्याला ते उष्टा फोन म्हणतात. "याच्यात साऱ्यायनं तोंड घातलेलं हाय," असं त्याचं कारण. गावाचा ग्रुप या उष्ट्या फोनवर आहे. तो धान्याच्या कोठीवर पडलेला असतो. दिवसातून एकदा तो चालू करायचा, ग्रुपवर कोणी लबाडीचं काही टाकलंय का पाहायचं आणि परत बंद करायचा, हा त्यांचा नेम.

एकदा वाशीमला मी त्यांच्याबरोबर टॉवेल घ्यायला गेलो होतो. बिल करताना दुकानातल्या पोराने सवयीने मोबाइल नंबर विचारला.

"काहून?"

"काका, ऑफर येतील तुम्हाला."

"मी टॉवेल घेऊन राह्यलो बाप्पा. सोयरीक नाई जोडून राह्यलो."

नंबराशिवाय मशीन पुढे जाईना आणि उत्तमराव काउंटरवरून हलेनात. मागे रांग लागली. शेवटी मीच माझा नंबर दिला. तेव्हापासून त्या दुकानाचे लग्नसराईचे निरोप मला येतात आणि उत्तमराव माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात.

"फुकट देनारा काहून देऊन राह्यला?" हा त्यांचा आवडता प्रश्न. फुकटचं ॲप असो, फुकटची डोळे तपासणी असो, की मी दिलेली खोकल्याच्या औषधाची नमुन्याची बाटली असो, प्रश्न तोच. एकदा मी त्यांना पकडलं. म्हटलं, "तुमच्या कॉम्प्युटरातलं ते लिनक्सही फुकटच आहे की! ते कोण, काहून देऊन राह्यला?"

उत्तमराव खूश झाले. जणू हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते वर्षानुवर्षं थांबले होते.

"भंडाऱ्याचा सैपाक पाह्यला ना तुमी? साऱ्या गावासमोर चुलांगन पेटते. कोनं भाजी चिरली, कोनं मीठ टाकलं, साऱ्यायले दिसते. नाई पटलं तं तुमी सोता पळी हातात घ्या. तसं हे मोकळं सॉफ्टवेअर. हाटेलात पडद्यामांगं काय शिजून राह्यलं, कोनाले मालूम?"

"आणि भंडाऱ्याची भाजी खारट झाली तर?"

"तं दुसरा मानूस येऊन सुधरवते. हाटेलवाला खारट झाली म्हून कबूल तरी करते का?"

माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर आता लिनक्सच आहे. चालतं बरं, फक्त बिल छापायला घेतलं की प्रिंटर आधी जरा विचार करतो.

उत्तमराव स्वतःही त्या भंडाऱ्यात पळी हलवतात. एका मोकळ्या प्रोग्रामचं मराठी करायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. त्यात 'सेव्ह'ला 'जतन करा' होतं, ते त्यांनी 'ठेवा' केलं. "घरात जतन म्हनते का कोनी? माय म्हनते, ठेव तिथं." ही सुधारणा जर्मनीतल्या कोणा गृहस्थाने मान्य केली आणि दोन ओळी लिहून आभार मानले. त्या दिवशी उत्तमरावांनी बस स्टँडवर पेढे वाटले. कंडक्टरने विचारलं, "नातू झाला का?" तर म्हणाले, "त्याहून मोठं हाय." कंडक्टरने आणखी एक पेढा उचलला.

गावाला शहाणं करायचा त्यांचा ध्यास मात्र खरा. एका ग्रामसभेत उठून त्यांनी पासवर्ड कसा असावा यावर भाषण दिलं. पोराचं नाव नको, गाडीचा नंबर नको. एकमेकांशी ज्यांचा काडीचा संबंध नाही असे तीन शब्द घ्या. "आता उदाहरन म्हून, उंट, लोणचं, तहसीलदार." लोकांना हे फारच पटलं. आठवडाभरात अर्ध्या गावाचा पासवर्ड उंट-लोणचं-तहसीलदार झाला. कळल्यावर उत्तमराव कपाळाला हात लावून माझ्या बाकावर बसले आणि मला डोकेदुखीची एक गोळी त्यांना फुकट द्यावी लागली. त्या दिवशी ती का देतोय, हेही त्यांनी विचारलं नाही.

इथवर सगळी गंमत आहे. पण या गोपनीयतेपायी त्यांनी एक गोष्ट गमावली होती, तीही सांगितली पाहिजे.

त्यांचा धाकटा भाऊ गजानन शेजारीच राहतो. भिंतीला भिंत. सोयाबीनची पोती चोरीला जाऊ नयेत म्हणून गजाननने ओट्यावर कॅमेरा लावला. त्याचं तोंड थोडं उत्तमरावांच्या अंगणाकडे वळलेलं.

"तुह्या पोत्यायवर डोया ठेव. माह्या आंगनात कायले?" उत्तमराव म्हणाले.

"दादा, चोर तुह्याही घरी येऊ शकते."

"चोर एकदा येईन. हा तं रोज येऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी दोन्ही घरांच्या मध्ये दोरी बांधून गोधडी लटकावली. गजाननच्या घरच्यांना वाटलं, आमचं तोंडही यांना पाहायचं नाही. शब्दाला शब्द वाढला. त्यानंतर तीन दिवाळ्या आल्या नि गेल्या, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

यात खरी ओढाताण झाली वैष्णवीची. ही गजाननची मुलगी. उत्तमरावांच्या बायकोच्या कडेवर वाढलेली आणि उत्तमरावांच्या मांडीवर बसून कॉम्प्युटर शिकलेली. अकोल्यात फार्मसी करते. सुट्टीत हात बसावा म्हणून माझ्या दुकानात येते. आली की हळूच विचारते, "मोठेबाबा बरे हायेत ना?" ती गेली की उत्तमराव येतात आणि विचारतात, "पोरगी बरी हाय ना?" मी दोघांना बरं आहे म्हणून सांगतो.

यंदा वैष्णवीच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्याची कुणकुण लागली आणि उत्तमरावांचा मुक्काम माझ्या बाकावर वाढला. "पोरीचं जमलं म्हनते?" मी म्हणायचो, मला काय ठाऊक. "मले काई घेनं नाई. सहज इचारलं." असं म्हणून ते दिवेलागणीपर्यंत बसायचे. या माणसाला जगात एकाच आमंत्रणाची वाट आहे, हे अख्ख्या मेडशीला कळत होतं. ते येणार की नाही, हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. भावकीला लग्नाचं बोलावणं फोनवर जात नाही. घरचं माणूस दारात येऊन हातात अक्षता देतं, तेव्हा ते बोलावणं. फोनवरची पत्रिका दूरच्यांसाठी. आणि त्या पत्रिकेबद्दल उत्तमरावांनी गावाला बजावून ठेवलं होतं: "पत्रिका फोटोत येते. जे पत्रिका म्हनते का मले आधी फोनमधी बसवा, ते पत्रिका नाई, चोर हाय."

तर एका दुपारी गजाननच्या नंबरावरून सगळ्यांना निरोप आला. 'शुभविवाह. सहकुटुंब यावे.' खाली फाइल, आणि ती म्हणत होती, आधी मला फोनमध्ये बसवा. गजाननचा फोन कोणी लबाडाने ताब्यात घेतला होता, हे उघड होतं. गाव शहाणं झालेलं. कोणी हात लावला नाही. मला त्या दिवशी उत्तमरावांचा अभिमान वाटला.

अर्ध्या तासाने तीच पत्रिका पुन्हा आली. या वेळी उत्तमरावांच्या उष्ट्या फोनवरून.

आणि ती सगळ्या गावाने उघडली! उत्तमरावांनी पाठवली म्हणजे धुऊनपुसून, तपासूनच पाठवली असणार. शिवाय गजाननच्या पोरीची पत्रिका उत्तमराव पाठवतात म्हणजे दोघे भाऊ एक झाले. बायकांनी तर आनंदाने शेजारणींनाही उघडून दाखवली. बघता बघता गावातला प्रत्येक फोन प्रत्येक फोनला पत्रिका पाठवायला लागला.

मी धावत उत्तमरावांकडे निघालो, तर वाटेतच मारुतीच्या देवळाचा भोंगा खरखरला.

"मी उत्तमराव बोलून राह्यलो. माह्या फोनवरून पत्रिका आली असन तं ते खोटी हाय. उघडू नोका. ज्यायनं उघडली त्यायनं विमानाचं चित्र दाबा अन फोन घेऊन डॉक्टरच्या दुकानी या. चूक माही हाय."

चूक कोणाची हे सांगायची काही गरज नव्हती. पण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

माझ्या काउंटरवर फोनांची रांग लागली. उत्तमराव मान खाली घालून एकेक फोन साफ करत होते आणि लोक त्यांची थट्टा करत होते. "उत्तमरावभाऊ, लगनाले यायचं का मंग?" वैष्णवी तिथे असती तर तिला रडू आलं असतं. मला स्वतःला फार वाईट वाटलं. पण एक चांगलं झालं. भोंग्यामुळे लोक वेळेत आले आणि कोणाचं काही नुकसान झालं नाही. संध्याकाळपर्यंत एकच फोन उरला, जिथून हे सुरू झालं होतं तो.

"डॉक्टर, तुमी चाला संगं," उत्तमराव म्हणाले.

गजाननच्या घरी दार वैष्णवीने उघडलं; ती नुकतीच संध्याकाळच्या एसटीने अकोल्याहून आली होती. उत्तमराव बाजेच्या अगदी कडेला बसले. गजानन हातभर अंतरावर. त्याने फोन मला दिला, मी उत्तमरावांना दिला.

"डॉक्टर, इचारा, हे फाइल कोनं धाडली होती?"

"डॉक्टर, सांगा, वाशीमच्या आडत्याच्या नंबरवरून आली."

असं माझ्यामार्फत बरंच चाललं. शेवटी वैष्णवी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मोठेबाबा, एक इचारू? असली फाइल बसवाच्या आधी फोन दोन-तीनदा इचारते, खात्री हाय का म्हून. तुमाले तं समजत होतं. मंग?"

उत्तमराव फोनमधून मान वर काढीनात.

"दिसत होतं मले," ते म्हणाले. "खोटी हाय म्हून दिसत होतं. फोननं इचारलं, खात्री हाय का. म्या म्हटलं, हो. पुन्हा इचारलं, पुन्हा म्हटलं, हो. वरतं गजाननचं नाव होतं. खाली सहकुटुंब होतं. म्हटलं, नाई उघडली अन खरी असली तं?"

वैष्णवीने पदर नसताना ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मी चहा पिऊ लागलो, तो अजून फार गरम होता.

मग गजानन बोलला, पहिल्यांदा थेट त्यांच्याशी. "दादा, पोरीचं लगन असतं अन तुले म्या फोनवर पत्रिका धाडली असती? एवढाच वळखला मले?"

उत्तमरावांचा हात थांबला.

"जमलंच नाई अजून," गजानन पुढे म्हणाला. "रविवारी पाहुने येऊन राह्यले पोरीले पाह्याले. बैठकीत घरातलं मोठं मानूस लागते. मी येनारच होतो तुह्याकडं." तो खरंच येणार होता की नाही, देव जाणे. मी तरी तेव्हा त्यावर विश्वास ठेवला.

उत्तमरावांनी आता मान वर केली. "किती वाजता?"

"अकराले."

साफ झालेला फोन त्यांनी गजाननच्या हातात दिला. माझ्या मध्यस्थीशिवाय.

परतताना ते माझ्या चार पावलं पुढेच चालत होते. नेहमी याच रस्त्यावर ते मला विजेच्या खांबाखांबाला थांबवून कंपन्यांचे कावे समजावून सांगत. आज एकाही खांबाशी ते थांबले नाहीत. माझ्या दुकानाशी आल्यावर म्हणाले, "डॉक्टर, धोतराले इस्त्री करून देनारं कोनी हाय का आता गावात? आमच्या घरी घरवाली होती तवा तेच करत होती."

मी म्हटलं, "उद्या घेऊन या. आमच्या घरी करून देतो. रविवारला अजून चार दिवस आहेत."

"उद्या कायले?" उत्तमराव म्हणाले, आणि घराकडे वळलेसुद्धा. "आताच आनतो."